स्लो-मोच्या आधी धावली एक घोडी; कोण होते एडवर्ड मायब्रिज?

मोबाइलवर स्लो-मो सुरू केलं, की कॅमेरा सेकंदाला १२० किंवा २४० फ्रेम टिपतो. वेगवान हालचाल अशी फ्रेम-फ्रेमने पकडून दाखवली ती एडवर्ड मायब्रिज यांनी.

कोण होते मायब्रिज?
जन्म ९ एप्रिल १८३०, इंग्लंडमधील किंग्स्टन. अमेरिकेत आधी पुस्तकं विकली, मग फोटोग्राफर झाले. १८७४ मध्ये पत्नीच्या प्रियकराला त्यांनी गोळी घालून ठार केलं. ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं.

प्रयोग काय होता?
धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का? उद्योगपती लेलँड स्टॅनफर्ड यांना याचं उत्तर हवं होतं. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टोच्या ट्रॅकवर मायब्रिज यांनी १२ कॅमेरे ओळीने लावले. घोडीच्या पायाने दोरा तुटला, की शटर पडायचं. उत्तर निघालं: हो, असतात. भर ऊन आणि मागचा पांढरा पडदा यामुळेच इतक्या झटपट शटरमध्ये फोटो उमटले.

श्रेय कुणाला मिळालं?
१८८२ मध्ये स्टॅनफर्ड यांनी या प्रयोगांवर पुस्तक काढलं. शीर्षकपानावर मायब्रिज यांचं नावच नव्हतं. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध छापणं थांबवलं. ते कोर्टात गेले आणि हरले. १८८७ मध्ये मात्र ७८१ प्लेट्सचा संच त्यांच्याच नावाने आला. ८ मे १९०४ रोजी किंग्स्टनमध्ये त्यांचं निधन झालं.

तुमच्यासाठी काय?
फ्रेम वाढल्या, की प्रत्येक फ्रेमला उजेड कमी मिळतो. म्हणून स्लो-मो उन्हात शूट करा. एडिटिंगमध्ये १२० फ्रेमचा व्हिडिओ ३० वर चालवला, की तो चौपट संथ होतो आणि अडखळत नाही.