पितांबर चमकतो, आतडंही चमकतं!

पेणच्या गणपती कारखान्यात डोकावलात कधी? पितांबराचा फ्लोरोसंट रंग ट्यूबलाइटखाली नुसता पेटलेला दिसतो. या पेटण्याचं बारसं ज्याने केलं तो तुमच्या ओळखीचा आहे. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स. हो, तोच, व्हिस्कॉसिटीच्या धड्यातला, ज्याच्या सूत्राने आपले मार्क खाल्ले!

जन्म १३ ऑगस्ट १८१९, आयर्लंडमधलं स्क्रीन हे खेडं. वडील धर्मगुरू, हा शेंडेफळ. केंब्रिजला १८४१ मध्ये गणितात पहिला आला, १८४९ मध्ये थेट न्यूटनच्या खुर्चीवर बसला आणि मरेपर्यंत उठला नाही.

१८५२ चा त्याचा प्रयोग मात्र नीट वाचा. अंधारी खोली, फटीतून ऊन, समोर लोलक. उन्हाच्या पट्ट्यात स्टोक्सने क्विनाईनच्या द्रावणाची नळी सरकवत नेली. क्विनाईन म्हणजे आपलं मलेरियावरचं औषध. बहुतेक रंगांत काहीच घडेना. जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काळोखच दिसतो, तिथे नळी निळी उजळली. न दिसणारा प्रकाश आत गेला, जास्त तरंगलांबीचा, दिसणारा बाहेर आला. हाच स्टोक्स शिफ्ट. फ्लोरस्पार खनिजावरून फ्लुओरेसन्स हे नाव त्याने सुचवलं, तेही तळटीपेत!

रोह्यात केमिस्ट्री करणारे म्हणतील, आमच्यासाठी रंगद्रव्य म्हणजे धाटाव एमआयडीसीतली नोकरी. मग हे ऐका. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीने रोगट भाग काढून दोन टोकं जोडतात. जोडाला रक्त कमी पडलं तर तो उसवू शकतो, मळ पोटात पसरतो, जिवावर बेततं. नुसत्या नजरेला आतडं ठीक दिसतं आणि अनुभवी सर्जनही फसतो. म्हणून शिरेतून इंडोसायनिन ग्रीन देतात. रक्त पोचतं तिथे आतडं अवरक्त कॅमेऱ्यात उजळतं. टोक अंधारंच राहिलं, तर सर्जन आणखी थोडं कापून उजळलेल्या जागी जोडतो. कॅमेरा आपणच टाकलेला प्रकाश गाळतो आणि फक्त बदललेला बघतो. शिफ्टच नसता तर गाळणार काय?

रक्तही स्टोक्सने सोडलं नाही. त्यातलं लाल द्रव्य ऑक्सिजन घेतं-सोडतं तसा त्याचा वर्णपट बदलतो, हे त्याने १८६४ मध्ये दाखवलं.

माणूस अबोल. पण लग्नाआधी मेरी रॉबिन्सनला त्याने ५५ पानी पत्र लिहिलं होतं! १८५७ मध्ये लग्न झालं आणि कॉलेजची फेलोशिप गेली, कारण फेलोने लग्न करायचं नाही असा तेव्हा नियमच होता. दोन मुली तान्हेपणीच दगावल्या.

१ फेब्रुवारी १९०३ रोजी स्टोक्स केंब्रिजमध्ये गेला. इंडोसायनिन ग्रीनला अमेरिकेत मंजुरी मिळाली १९५९ मध्ये.