विश्लेषण : इंजिनाची खटखट थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसे कोणी मिसळले?

कार्ब्युरेटरची जुनी गाडी घाटाच्या चढावर टॉप गिअरमध्ये दाबली की इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग किंवा पिंगिंग म्हणतो आणि डिस्ट्रिब्युटर सैल करून टायमिंग किंचित मागे घेतो. शंभर वर्षांपूर्वी याच आवाजावर थॉमस मिजली या अमेरिकी इंजिनीअरने रासायनिक उतारा शोधला. त्या उताऱ्याने जगभरातल्या शहरांच्या हवेत शिसे पसरले. मिजली कोण होते, त्यांना काय ठाऊक होते आणि तरीही त्यांनी शिसेच का निवडले?

नॉकिंग म्हणजे नेमके काय?

सिलिंडरमध्ये स्पार्क प्लगने ठिणगी टाकली की हवा-पेट्रोलचे मिश्रण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने जळत जायला हवे. मात्र ज्योत पोहोचण्याआधीच पलीकडचे उरलेले मिश्रण दाबाने तापते आणि कधी कधी एकदम आपोआप भडकते. दाबाचा धक्का पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर आदळतो, तोच हा आवाज. कधीमधी झाला तर फारसे बिघडत नाही, पण सतत होऊ दिल्यास पिस्टन वितळतो, हेड गॅस्केट जाते.

कारणे बरीच आहेत. ठिणगी फार लवकर पडणे, कार्ब्युरेटरचे मिश्रण ‘लीन’ म्हणजे पेट्रोल कमी असणे, ज्वलनकक्षात कार्बन साचणे, इंजिन गरम होणे, कॉम्प्रेशन जास्त असणे किंवा पेट्रोलचे ऑक्टेन कमी असणे. मेकॅनिकचे उपायही त्याच क्रमाने जातात. टायमिंग एक-दोन अंश मागे घ्यायचे, व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स नीट चालतो का ते पाहायचे, जेट बदलून मिश्रण थोडे ‘रिच’ करायचे, हेड उघडून कार्बन काढायचा. अडचण अशी, की टायमिंग प्रमाणाबाहेर मागे नेले तर ताकद आणि मायलेज दोन्ही घटतात आणि इंजिन उलट जास्त तापते. १९१०-२० च्या दशकातील मोटार कंपन्यांपुढे हाच पेच होता. कॉम्प्रेशन वाढवल्याशिवाय ताकद वाढत नव्हती, वाढवले की इंजिन खटखटत होते. फोर्डच्या मॉडेल टीचे कॉम्प्रेशन जेमतेम ४ पट होते, ते यामुळेच.

मिजली या कामात कसे आले?

पेनसिल्व्हेनियातील बीव्हर फॉल्स येथे १८ मे १८८९ रोजी जन्मलेले मिजली ओहायोतील कोलंबसमध्ये वाढले. १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून ते मेकॅनिकल इंजिनीअर झाले. म्हणजे ज्या रसायनशास्त्राने त्यांना नाव दिले, त्याची त्यांच्याकडे पदवी नव्हती. १९१६ मध्ये ते डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर तयार करणारे ते हेच केटरिंग. त्यांच्या बॅटरी इग्निशनमुळेच इंजिने खटखटतात, असा आरोप तेव्हा होत होता. मिजलींनी ज्वलनाचे निरीक्षण करून दाखवले, की हा दोष ठिणगीचा नाही, ठिणगीनंतर इंधन कसे जळते याचा आहे. ही त्यांची खरी मोठी कामगिरी, आणि ती निर्विवाद आहे.

मग उपायाचा शोध सुरू झाला. पहिला दुवा मिळाला तो चुकीच्या तर्कातून. बर्फातही लवकर फुलणाऱ्या एका झुडपाची पाने खालून लालसर असतात आणि त्यामुळे ती उष्णता शोषतात, अशी कल्पना होती. इंधन लाल केले तर तेही लवकर तापून नीट वाफ होईल, असे वाटले. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता म्हणून आयोडिन टाकले. खटखट थांबली. नंतर लाल रंग टाकून पाहिले, तर काहीच फरक नाही. म्हणजे करामत रंगाची नव्हती, आयोडिनची होती. पण आयोडिन महाग होते आणि धातूही खात असे. पुढची काही वर्षे अ‍ॅनिलीन, सेलेनियम, टेलुरियम असे एकेक पदार्थ तपासण्यात गेली. टेलुरियमचा लसणासारखा वास अंगाला असा चिकटायचा की लोक जवळ येत नसत. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड इंजिनात टाकले गेले. अगदी थोडेसे पुरले आणि आवाज बंद झाला.

अल्कोहोलचा पर्याय का मागे पडला?

अल्कोहोल मिसळले तरी नॉकिंग थांबते, हे मिजली आणि केटरिंग या दोघांनाही ठाऊक होते. त्यांनी त्याचे प्रयोग केले होते आणि त्याच्या बाजूने बोललेही होते. पण अल्कोहोल पेट्रोलमध्ये मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे आणि ते कोणीही गाळू शकत होते. शिशाचे द्रव्य मात्र गॅलनला काही ग्रॅमच लागे आणि त्याचे पेटंट हातात ठेवता येत होते. निर्णयामागचे गणित एवढे साधे असावे. २ फेब्रुवारी १९२३ रोजी डेटनमध्ये हे पेट्रोल पहिल्यांदा विकले गेले ते ‘एथिल’ या नावाने. शिसे हा शब्द नावात कुठेच नव्हता. पुढच्या वर्षी जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलने एथिल गॅसोलीन कॉर्पोरेशन स्थापन केले.

आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. शिसे इंजिनातच राहिले तर प्लग आणि व्हॉल्व्हवर थर बसतो. म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमिनचे संयुगही घातले जाई, जेणेकरून शिसे वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडेल. इंजिन स्वच्छ राही आणि शिसे रस्त्यावरच्या हवेत जाई.

धोका माहीत नव्हता का?

शिशाचे विष नवे नव्हते. रंगकाम करणारे आणि छपाईचे कामगार त्याने पिढ्यानपिढ्या आजारी पडत होते. खुद्द मिजलींनाही १९२३ च्या सुरुवातीला शिशाची बाधा झाली होती. काम सोडून त्यांना फ्लोरिडात विश्रांतीसाठी जावे लागले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात टेट्राएथिल लेड तयार करणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले. काहींना आवरण्यासाठी बांधून ठेवावे लागले. पाच जण दगावले, इतर अनेक जण आजारी पडले. डेटन आणि डीपवॉटर येथील कारखान्यांतही मृत्यू झाले.

त्याच महिन्याच्या अखेरीस मिजली न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांसमोर आले. त्यांनी हे द्रव्य हातांवर ओतून घेतले आणि बाटलीतली वाफ मिनिटभर हुंगली. काही होत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. दीड वर्षापूर्वी याच विषाने ते स्वतः आजारी पडले होते, हे लक्षात घेतले तर या प्रात्यक्षिकाला अज्ञान म्हणता येत नाही.

१९२५ मध्ये विक्री थांबवण्यात आली आणि वॉशिंग्टनमध्ये सार्वजनिक आरोग्य विभागाने बैठक बोलावली. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी विरोध केला. रस्त्यावर रोज थोडे थोडे शिसे श्वासात गेल्यावर काय होईल, हा त्यांचा मुद्दा होता. त्याचे उत्तर काही महिन्यांच्या तपासणीतून मिळणे शक्यच नव्हते. समितीला बंदीसाठी पुरेसा आधार दिसला नाही आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

पुढे मिजलींचे काय झाले?

मानसन्मान वाढत गेले. १९३० मध्ये त्यांनी फ्रिजमधल्या विषारी वायूंना पर्याय म्हणून फ्रेऑन जगापुढे ठेवला. तो छातीत भरून घेऊन मेणबत्तीवर सोडला आणि ती विझवून दाखवली. हाच वायू ओझोनचा थर विरळ करतो, हे १९७४ नंतर उमगले. १९४१ मध्ये त्यांना प्रीस्टली पदक मिळाले आणि १९४४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. त्याआधीच, १९४० मध्ये, पोलिओने त्यांचे पाय गेले होते. अंथरुणावरून उठता यावे म्हणून त्यांनी दोर आणि कप्प्यांची यंत्रणा स्वतः तयार केली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोरांत गळा आवळला जाऊन वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

शिसे पेट्रोलमधून कधी गेले?

शिशाच्या आधारे पृथ्वीचे वय मोजणारे भूरसायनतज्ज्ञ क्लेअर पॅटरसन यांना प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिशाचा संसर्ग आढळू लागला. त्याचा माग काढताना १९६० च्या दशकात त्यांनी दाखवून दिले, की हवेतले आणि माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक पातळीच्या कितीतरी वर गेले आहे. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, हेही पुढे स्पष्ट झाले. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होतो, त्यामुळे १९७० च्या दशकात अमेरिकेत शिसेविरहित पेट्रोल आले.

भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत सुरुवात होऊन १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. तेव्हा फियाट आणि अ‍ॅम्बेसिडरच्या मालकांना व्हॉल्व्ह सीट झिजण्याची चिंता होती, कारण शिशाचा थर सीटला गादीसारखा उपयोगी पडत असे. कडक सीट बसवून घेणे हा त्यावरचा उपाय. जगात शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियाने हे पेट्रोल थांबवले.

मागे पडलेले अल्कोहोल मात्र आता पंपावर आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचे ऑक्टेन ९५ च्या आसपास असल्याने नॉकिंगला ते चांगलाच प्रतिकार करते. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. त्यामुळे जुन्या जेटवर कार्ब्युरेटरचे मिश्रण लीन होते आणि जुने रबरी पाइप, डायफ्रॅमही लवकर खराब होतात. अशा गाडीत टायमिंगला हात लावण्याआधी मेन जेट एक माप मोठा घालून प्लगचा रंग पाहावा. पांढरट दिसला तर मिश्रण अजून लीन आहे, फिकट तपकिरी आला तर बरोबर आहे.