एक मणका आणखी वर

इराकमध्ये दजला नदीच्या काठी अमारा नावाचे शहर आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांचे एक मोठे कब्रस्तान तिथे आहे. मातीतल्या क्षारांनी कबरींवरचे दगड खराब होऊ लागले, म्हणून १९३३ मध्ये ते काढून टाकण्यात आले आणि नावे एका भिंतीवर कोरली गेली. याच मातीत सर व्हिक्टर हॉर्स्ले यांची कबर आहे. पाठीच्या कण्यातली गाठ शस्त्रक्रियेने काढून रोग्याला पुन्हा पायावर उभे करणारे ते पहिले सर्जन.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८५७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील नामवंत चित्रकार. मुलाने मात्र वैद्यकाची वाट धरली. भूल देण्याच्या औषधांचा मेंदूवर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी विद्यार्थीदशेत त्यांनी स्वतःच ती औषधे पुन्हा पुन्हा घेतली. पुढे माकडांच्या मेंदूवर प्रयोग करून कोणता भाग शरीराच्या कोणत्या हालचाली चालवतो, याचा त्यांनी अभ्यास केला. १८८६ मध्ये लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या पक्षाघात व अपस्माराच्या रुग्णालयात ते सर्जन म्हणून रुजू झाले. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

पुढच्याच वर्षी एक निवृत्त कॅप्टन तिथे आला. तीन वर्षांपासून त्याच्या पाठीत, डाव्या खांद्याच्या हाडाखाली, असह्य कळा येत होत्या. कोणी मज्जातंतूचे दुखणे म्हटले, कोणी हवापालट सुचवला. शेवटी पाय लुळे पडले, त्यांची संवेदना गेली, लघवीवरचा ताबाही सुटला. विल्यम गॉवर्स या मज्जासंस्थेच्या जाणकार डॉक्टरांनी निदान केले, की कण्याच्या पोकळीत गाठ असून ती मज्जारज्जू दाबते आहे. अशा गाठी मुळात दुर्मीळ. त्या पोकळीत बोटभरही मोकळी जागा नसते, त्यामुळे लहानशी गाठसुद्धा माणसाला लुळे करते. तोवर अशी गाठ कोणी यशस्वीपणे काढलेली नव्हती.

९ जून १८८७ रोजी हॉर्स्ले यांनी शस्त्रक्रिया केली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून आठ वर्षे होती. गाठ कुठे असेल, हे सांगायला रोग्याची वेदना आणि त्वचेचा बधिरपणा एवढेच पुरावे होते. त्यांनी मणक्यांची मागची हाडे काढली, मज्जारज्जूवरचे आवरण उघडले. गाठ दिसली नाही. इथे थांबून जखम शिवली असती, तर कोणी दोष दिला नसता. पण रोग्याचे मरण मग ठरलेलेच होते. हॉर्स्ले एक मणका आणखी वर गेले. तरी काही नाही. आणखी वर गेल्यावर डाव्या बाजूला बदामाएवढी गाठ मज्जारज्जूला खोलवर दाबून बसलेली सापडली. ती अलगद सुटून आली. कॅप्टन हळूहळू चालू लागला, आणि वर्षभरात तो दिवसाचे सोळा तास काम करू लागला.

त्या दिवशी एक धडाही मिळाला. मज्जारज्जूतून निघालेल्या शिरा खाली उतरून मगच कण्याबाहेर पडतात. त्यामुळे बधिरपणा जिथे सुरू होतो, त्याच्यापेक्षा बरेच वर गाठ शोधावी लागते. पुढच्या सर्जनांनी हीच वाट धरली.

कवटीच्या तळाशी, नाकाच्या मागे, हाडाच्या छोट्याशा खळग्यात पियुषिका ग्रंथी असते. तिथे गाठ वाढली, की वरून जाणाऱ्या डोळ्यांच्या शिरा दाबल्या जाऊन दृष्टी जाते. तिथे पोहोचणे त्या काळी जवळजवळ अशक्य मानले जाई. हॉर्स्ले यांनी तेही धाडस केले आणि १९०६ मध्ये अशा दहा रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कापलेल्या हाडातून झिरपणारे रक्त थांबवण्यासाठी त्यांनी मधमाश्यांच्या मेणाचा लेप वापरात आणला. तशा मेणाचा उपयोग शस्त्रक्रियागृहात आजही होतो.

स्वभाव हट्टी आणि वादाला तयार. दारूचे ते कट्टर विरोधक. तिचे शरीरावरचे परिणाम सांगणारे एक पुस्तकही त्यांनी मेरी स्टर्ज या महिला डॉक्टरबरोबर १९०७ मध्ये लिहिले. सैनिकांना दिली जाणारी रम बंद करा, असे लष्करालाही ते बजावत राहिले. स्त्रियांना मताधिकार मिळावा, यासाठी ते उघडपणे उभे राहिले. त्यापायी त्यांचे राजकारण फसले. पार्लमेंटमध्ये जाण्याची इच्छा अपुरीच राहिली, पण मत त्यांनी बदलले नाही.

महायुद्ध पेटले तेव्हा वय सत्तावन्न. सरदारकी, कीर्ती, भरभराटीचा व्यवसाय, सारे हाताशी होते. तरी ते लष्करात गेले, इजिप्तमध्ये राहिले आणि १९१६ मध्ये आपण होऊन इराकच्या आघाडीवर पोहोचले. तिथे लढणारी फौज मुख्यतः हिंदुस्थानी होती. कुतच्या वेढ्यात अडकून एप्रिलमध्ये शरण गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. जखमींसाठी ना पुरेशा नावा होत्या, ना औषधे, ना बर्फ. या हलगर्जीवर हॉर्स्ले यांनी कठोर शब्दांत बोट ठेवले आणि त्याच उन्हात ते काम करत राहिले.

जुलैच्या काहिलीत त्यांना ताप भरला. १६ जुलै १९१६ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, अमारात त्यांचे निधन झाले. ज्यांच्या उपचारांसाठी ते भांडत होते, त्या हिंदी सैनिकांचे वेगळे कब्रस्तान त्याच शहरात, नदीच्या डाव्या काठावर आहे.