मांडलिक राजापेक्षा बलाढ्य झाला तर? फ्रान्सच्या फिलिप दुसऱ्याने काय केलं?

‘क्रुसेडर किंग्ज’ गेममध्ये मांडलिकाची जहागीर विनाकारण काढून घेतली, तर बाकीचेही बिथरतात. फ्रान्सचा राजा फिलिप दुसरा खरोखरच अशा पेचात होता. ११८० मध्ये तो १५व्या वर्षी राजा झाला, तेव्हा नॉर्मंडी, आंजूसह पश्चिम फ्रान्सचा मोठा भाग इंग्लंडच्या राजाकडे होता. या मुलखापुरता तो फिलिपचा मांडलिक. ताकदीने मात्र वरचढ.

१२०० मध्ये इंग्लंडच्या जॉनने आपल्याच एका सरदाराच्या वाग्दत्त वधूशी लग्न केलं. सरदाराच्या घराण्याने फिलिपकडे दाद मागितली. बोलावूनही जॉन दरबारात आला नाही. १२०२ मध्ये त्याच्या जहागिरी जप्त झाल्या, १२०४ मध्ये नॉर्मंडी हाती आली. १२१४ मध्ये बुव्हिनच्या लढाईने त्यावर शिक्कामोर्तब झालं. १२२३ मध्ये फिलिप वारला, तेव्हा फ्रान्समध्ये राजाला तोडीस तोड मांडलिक उरला नव्हता. तलवार उपसण्याआधी त्याने कारण हाती घेतलं होतं.