पॉल रोबसन : एक विस्मृत क्रीडापटू

पॉल रोबसन म्हटले की धीरगंभीर स्वराचा गायक व ऑथेल्लोची भूमिका गाजविणारा नट एवढेच आपणांस आठवते. परंतु हा पुरुष कॉलेजात असताना फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल व मैदानी शर्यती या चारही क्रीडाप्रकारांत अग्रेसर होता, हे थोड्यांसच ठाऊक असेल. आपल्या समाजातील जी मुले शिष्यवृत्तीच्या आधारे कॉलेजची पायरी चढत आहेत, त्यांना हा भाग अवश्य कळावा.

रोबसन यांचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी अमेरिकेत प्रिन्स्टन येथे झाला. वडील जन्माने गुलाम. कोवळ्या वयात पळून जाऊन ते स्वतंत्र झाले व पुढे धर्मोपदेशक बनले. पॉल पाच वर्षांचे असतानाच मातोश्री भाजून निवर्तल्या. १९१५ साली परीक्षेत मिळविलेल्या शिष्यवृत्तीवर ते रटगर्स कॉलेजात दाखल झाले. त्या वेळी तेथे दुसरा कृष्णवर्णीय विद्यार्थी नव्हता.

तिकडचा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हाती घेऊन धावण्याचा, अंगावर अंग घालण्याचा दांडगा खेळ. सरावाच्या आरंभीच संघातील गोऱ्या गड्यांनी त्यांचे नाक फोडले व खांदा निखळविला. कित्येक दिवस ते अंथरुणास खिळून होते. खेळ सोडावा असेही मनात आले; परंतु आपण एकटे नसून मागून येणाऱ्या सर्व मुलांचे प्रतिनिधी आहोत, ही वडिलांची शिकवण आड आली. ते परतले, तो एकाने बुटाखाली त्यांचा हात चिरडला. तेव्हा मात्र चेंडू घेऊन येणाऱ्या गड्यास त्यांनी डोक्यावर उचलले. आता आपटणार, इतक्यात शिक्षक सॅनफर्ड यांनी त्यांची संघात निवड झाल्याचे ओरडून सांगितले. हे शिक्षक पहिल्या दिवशी कोठे होते, असा प्रश्न मजसारख्या जुन्या मास्तरास पडतोच.

१९१६ साली दक्षिणेकडील वॉशिंग्टन अँड ली या संस्थेचा संघ कृष्णवर्णीयाविरुद्ध खेळावयास तयार होईना. सॅनफर्ड नमले आणि रोबसन यांना बाहेर बसावे लागले. ही जखम नाकाच्या जखमेहून खोल असली पाहिजे. पुढे वेस्ट व्हर्जिनियाच्या संघानेही तीच अट घातली, तेव्हा मात्र सॅनफर्ड यांनी ती साफ धुडकावली. १९१८ साली वॉल्टर कॅम्प यांनी निवडलेल्या अखिल अमेरिकन संघात रोबसन यांचे नाव झळकले. अभ्यासातही ते मागे नव्हते. १९१९ च्या पदवीदान समारंभी वर्गाच्या वतीने भाषण करण्याचा मान त्यांचाच होता.

नंतर ते कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर काही वर्षांपूर्वी याच विद्यापीठात शिकून गेले होते. शिक्षण चालू असता १९२१ व १९२२ साली ते धंदेवाईक फुटबॉलही खेळले. गायन व रंगभूमीवरील त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. त्यांच्या राजकीय मतांमुळे १९५० साली सरकारने त्यांचा पासपोर्ट काढून घेतला, तो १९५८ पर्यंत दिला नाही. त्याच सुमारास छापलेल्या एका फुटबॉल-ग्रंथात १९१८ च्या अखिल अमेरिकन संघात अकराऐवजी दहाच नावे देण्यात आली. गाळलेला अकरावा कोण, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

२३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांचे निधन झाले. कॉलेज फुटबॉलच्या सन्मानमंदिरात त्यांचे नाव दाखल झाले ते १९९५ साली.