'लिबरेटर'कार गॅरिसन
विल्यम लॉइड गॅरिसन यांचा जन्म १८०५ साली अमेरिकेतील न्यूबरीपोर्ट गावी झाला. घरची गरिबी, १३व्या वर्षीच ते छापखान्यात खिळे जुळवू लागले. गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजमालकावर टीका केल्याबद्दल १८३० मध्ये बाल्टिमोर येथे त्यांना तुरुंगवास घडला. १ जानेवारी १८३१ रोजी बोस्टनमध्ये त्यांचे 'लिबरेटर' साप्ताहिक निघाले. आरंभीचे वर्गणीदार बहुतांशी स्वतंत्र कृष्णवर्णीयच होते. १८३५ मध्ये जमावाने त्यांना दोर बांधून रस्त्यातून ओढत नेले; पत्र मात्र थांबले नाही. डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली आणि २९ तारखेस गॅरिसन यांनी अखेरचा अंक काढला. १८७९ साली ते निवर्तले. वर्गणीअभावी बंद पडलेली पत्रे पुष्कळ. कार्य तडीस गेले म्हणून संपादकाने स्वहस्ते मिटलेले पत्र विरळाच.