बर्फावरची वीज : हावी मोरेंझ

मुलांनो, हॉकी हा खेळ तुम्हांला ठाऊक आहे. आपल्याकडे तो मैदानावर खेळतात. पण कॅनडा हा फार थंड देश आहे. हिवाळ्यात तेथील तळी गोठून जातात. म्हणून तेथे बर्फावरची हॉकी लोकप्रिय झाली. खेळाडूंच्या बुटांना पोलादी पाती असतात. चेंडूऐवजी रबराची काळी चकती असते. या खेळातील एका जुन्या खेळाडूची ही हकिकत आहे. त्याचे नाव हावी मोरेंझ. उर्दूत हावी म्हणजे वरचढ, हे तुम्ही जाणताच. हा हावीही आपल्या काळात सर्वांना वरचढ ठरला. पण सर्व काळातल्या खेळाडूंत त्याला कितवे स्थान द्यावे? हकिकत वाचा आणि निकाल तुम्हीच द्या.

हावीचा जन्म 21 सप्टेंबर 1902 रोजी कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात मिचेल या लहान गावी झाला. पुढे त्याचे कुटुंब जवळच्या स्ट्रॅटफर्ड शहरात राहायला गेले. तेथे तो रेल्वेच्या कारखान्यात काम शिकू लागला आणि हॉकीही खेळू लागला. त्याचा वेग पाहून लोक थक्क होत. 1923 साली मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या नामांकित संघाने त्याच्याशी करार केला. सही केल्यावर मात्र हावी घाबरला. घर सोडायचे त्याच्या जिवावर आले. करार रद्द करावा, अशी विनंती त्याने केली. संघाच्या मालकांनी ती मानली नाही. जड मनाने तो मॉन्ट्रियलला गेला.

पहिल्याच मोसमात, 1924 साली, त्याच्या संघाने स्टॅन्ली चषक जिंकला. 1930 आणि 1931 सालीही तो चषक त्यांच्याकडे आला. सर्वांत मोलाच्या खेळाडूला मिळणारा हार्ट करंडक हावीने 1928, 1931 आणि 1932 असा तीन वेळा मिळवला. लोक त्याला स्ट्रॅटफर्डची वीज म्हणू लागले.

सगळेच दिवस सारखे नसतात. वय वाढले, दुखापती झाल्या, वेग कमी झाला. 1934 साली संघाने त्याला शिकागोच्या संघाकडे पाठवले. तेथून तो न्यू यॉर्कला गेला. 1936 साली तो पुन्हा आपल्या जुन्या संघात परतला. त्याचा खेळ पुन्हा रंगू लागला होता. पण 28 जानेवारी 1937 रोजी सामन्यात घात झाला. त्याच्या बुटाचे पाते कडेच्या फळीत अडकले. त्याच वेळी प्रतिस्पर्धी खेळाडू त्याच्यावर आदळला आणि हावीचा पाय मोडला. रुग्णालयातून तो परत आलाच नाही. 8 मार्च 1937 रोजी, अवघ्या 34 व्या वर्षी, त्याचे निधन झाले. ज्या फोरम इमारतीत तो खेळला, तेथेच त्याचे शव ठेवण्यात आले. हजारो लोक अंत्यदर्शनाला आले. त्याचा 7 हा क्रमांक संघाने पुन्हा कोणालाही दिला नाही.

आता निकालाकडे वळू. 1950 साली कॅनडातील पत्रकारांनी अर्ध्या शतकातील सर्वोत्तम हॉकीपटू म्हणून हावीची निवड केली. 1998 साली एका हॉकी नियतकालिकाने क्रमवारी लावली, तेव्हा तो पंधरावा ठरला. त्याने तर 1937 नंतर एकही सामना खेळला नव्हता. मग तो खाली का आला?

कारण नंतरच्या खेळाडूंचे आकडे मोठे आहेत. वेन ग्रेट्झ्कीने 1981-82 च्या मोसमात 80 सामन्यांत 92 गोल केले. हावीचे एका मोसमातील सर्वाधिक गोल 40. पण थांबा! त्या मोसमात सामने फक्त 44 होते. आणखी एक गोष्ट पाहा. 1929 पर्यंत प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळच्या भागात चकती पुढच्या साथीदाराकडे देता येत नसे. 1928-29 मध्ये हावीचे गोल केवळ 17 होते आणि सगळ्या लीगमध्ये कोणीही 22 पेक्षा जास्त गोल केले नाहीत. पुढच्या मोसमात नियम बदलला आणि हावीचे गोल 40 झाले. खेळाडू तोच, पण आकडा दुपटीहून मोठा. म्हणजे आकडा केवळ खेळाडूचा नसतो, नियमांचाही असतो.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. हावीने सुरुवात केली तेव्हा लीगमध्ये फक्त 4 संघ होते आणि खेळाडू बहुतेक कॅनडाचेच होते. नंतर स्वीडन, रशिया अशा देशांतूनही खेळाडू आले. स्पर्धा कठीण झाली. म्हणून तोच सर्वांत श्रेष्ठ, असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

मग न्याय कसा करावा? समजा, तुमच्या आजोबांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून 60 टक्के गुण मिळवले आणि वर्गात पहिले आले. तुम्ही विजेच्या दिव्याखाली 75 टक्के मिळवले, पण वर्गात दहावे आलात. केवळ गुण पाहून तुम्ही आजोबांपेक्षा हुशार ठरता का? आधी त्यांचा वर्ग आणि त्यांचा कंदीलही पाहायला हवा. माणूस आपल्या काळातील सोबत्यांच्या किती पुढे होता, ही खरी मोजपट्टी आहे. या मोजपट्टीने हावी मोरेंझला पहिल्या दहांत जागा मिळावी, असे मला वाटते.

तुमचे मत वेगळे असू शकते. जरूर असू द्या. मात्र ते देण्यापूर्वी दोन्ही बाजू तपासा. जो माणूस आपली बाजू मांडायला आज हयात नाही, त्याचा न्याय करताना तर अधिकच काळजी घ्या.